प्रतिसाद: मॅनेजरचं काम
‘एसीत बसून हिशेब बघायचे, एवढंच काम’ असं कॅफे मॅनेजरबद्दल इथे कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. मी पुण्यात एका कॉफी चेनचं आउटलेट सांभाळतो. शटर उघडलं की आधी ग्राइंडर, म्हणजे कॉफीच्या बिया दळायचं मशीन, बघायचं. पावसाळ्यात हवा दमट झाली की कालची सेटिंग आज चालत नाही. एस्प्रेसोचा शॉट, म्हणजे मशीनमधून दाबाने काढलेली थोडीशी कडक कॉफी, साधारण 25 ते 30 सेकंदांत उतरायला हवा. लवकर उतरला तर आंबट, रेंगाळला तर कडू. मग दुधाच्या तारखा, फ्रीजचं तापमान, वेस्टेजची, म्हणजे वाया गेलेल्या मालाची, नोंद.

खरी कसोटी रोस्टरची, म्हणजे कोण कधी कामावर येणार त्या वेळापत्रकाची. आमची बहुतेक मुलं कॉलेज करून काम करतात. परीक्षा सगळ्यांच्या एकदमच येतात आणि शनिवार-रविवारची गर्दी काही थांबत नाही. तेव्हा मॅनेजरच कॉफी बनवायच्या काउंटरवर उभा राहतो, कपही विसळतो. या नोकरीत येणाऱ्यांनी पगाराआधी हे विचारा, की एका शिफ्टला माणसं किती देता?