सगळी माउंट कडक करण्याचा सल्ला कोणासाठी?

पिस्टनपंडित

“शक्ती वाढवलेल्या गाडीत सर्वांत आधी सगळी इंजिन माउंट अ‍ॅल्युमिनियमची करावीत, ज्याला कंप सोसत नाही त्याने साधी गाडी चालवावी,” असे या मंचावर काल कोणीतरी लिहिले आणि अनेकांनी त्याला दाद दिली. माउंट म्हणजे इंजिनाला गाडीशी जोडणारे, एरवी रबरी असणारे आधार. मला राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आडव्या बसवलेल्या इंजिनात गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारी यंत्रणा) एकाच कवचात असतात, त्यामुळे चाकांना मिळणाऱ्या संपूर्ण टॉर्कची, म्हणजे फिरवणाऱ्या जोराची, प्रतिक्रिया माउंटांना झेलावी लागते. इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि डिफरेन्शियलचे अंतिम गुणोत्तर ४ धरले, तर हा आकडा २,८०० न्यूटन-मीटरवर जातो. हेच इंजिन लांबीच्या दिशेने बसवून मागची चाके चालवली, तर त्याच्या माउंटांवर ७०० न्यूटन-मीटरच येतात, कारण उरलेली प्रतिक्रिया मागचे डिफरेन्शियल आपल्या आधारांवर घेते. म्हणजे “सगळी माउंट” हा सल्ला कोणत्या गाडीसाठी आहे, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थच उरत नाही. त्यातही बहुतेक आडव्या इंजिनांचे वजन वरच्या दोन माउंटांवर टांगलेले असते आणि गरगर वळण्याची ओढ खालचा टॉर्क रॉड थोपवतो. तेवढा रॉड कडक केला तरी लाँचच्या वेळी, म्हणजे जोरात सुटताना, चाके उडणे आणि गिअर अडखळणे बरेचसे आटोक्यात येते. वरच्या माउंटांना हात लावण्याची घाई कशासाठी?

टॉर्कवेडा

कालचे ते मत माझेच होते. “कोणीतरी” म्हणण्याऐवजी आपण माझे नाव घेतले असते तरी चालले असते.

आपले गणित वहीत शोभून दिसते. माझ्या गाडीत पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) तिसरा गिअर टाकताना इंजिन इतके झुलत असे की एक्झॉस्टच्या लवचीक नळीला तडा गेला आणि इंटरकूलरची (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाची) नळी दोनदा निसटली. कडक माउंट बसवल्यानंतर यांपैकी काहीही पुन्हा घडले नाही. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन थेट चॅसिसला बोल्टने जोडलेले होते आणि मागचे सस्पेन्शन त्या इंजिनावरच बसवलेले होते. तेथे रबर शोधूनही सापडणार नाही.

पिस्टनपंडित

त्या गाडीत इंजिन हाच चॅसिसचा मागचा भाग होता, त्यामुळे रबर घालायला जागाच नव्हती. आपल्या गाडीत ते पातळ पत्र्याच्या, स्पॉट वेल्ड केलेल्या बॉडीला टांगलेले आहे. इतिहासच काढायचा असेल तर १९३१ ची प्लिमथ पाहावी. तिच्यात चार सिलिंडरचे इंजिन रबरावर तरंगते ठेवून कंप बॉडीपर्यंत पोहोचू दिला नव्हता, आणि क्रायस्लरने ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने त्याचीच जाहिरात केली. तेव्हापासून रबर टिकले, ते कोणाच्या भित्रेपणामुळे नव्हे.

रबरनिष्ठ

येथे एका गोष्टीचा उल्लेख कोणीच करत नाही, आणि ती मला वर्षानुवर्षे छळते आहे. विक्रेते ‘७५ शोर ए’ असा आकडा छापतात आणि लोक तोच माउंटचा कडकपणा समजतात. हा आकडा केवळ पदार्थाच्या कठीणपणाचा असतो. मूळ रबरी माउंटमध्ये मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या पॉलियुरेथेनने (रबरासारख्या प्लास्टिकने) भरल्या की त्याच आकड्याचा माउंट कितीतरी ताठ होतो. दुसरे असे की, बहुतेक जण फाटलेल्या जुन्या रबराची नव्या पॉलियुरेथेनशी तुलना करतात आणि मग चमत्कार झाल्याचे सांगतात. आधी नवे मूळ माउंट बसवून पाहिले आहे, असा एक तरी माणूस मला दाखवा.

आयडलवीर

एवढ्या चर्चेची गरजच नाही. आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, मिनिटाला ७५० फेऱ्यांवरून ९५० वर न्यावा, कंप जातो. विषय संपला.

पिस्टनपंडित

विषय येथेच सुरू होतो. चार सिलिंडरचे इंजिन ७५० फेऱ्यांवर सेकंदाला २५ धक्के देते. माउंटांवरील इंजिनाची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ते आपोआप सेकंदाला किती वेळा झुलते, १२ हर्ट्झ आहे असे समजा. कंप अडवला जाण्याची सुरुवात तिच्या १.४१ पट, म्हणजे साधारण १७ हर्ट्झच्या वर होते. म्हणून मूळ गाडी आयडलला शांत असते. माउंट चौपट ताठ केले की ही वारंवारता दुप्पट, २४ हर्ट्झ होते, आणि आयडल नेमका अनुनादावर, म्हणजे कंप सर्वांत वाढतो त्या जागी, येऊन बसतो. ९५० वर धक्के सुमारे ३२ हर्ट्झने येतात, पण आता अडवण्याची सीमा ३४ वर सरकलेली असते. म्हणजे आपण कंप घालवलेला नाही, त्याचे शिखर तेवढे टाळले आहे.

आयडलवीर

चौपट हा आकडा आपण कोठून आणला? आपल्या सोयीचा आकडा धरायचा आणि त्यावरून दुसऱ्याला शहाणपण शिकवायचे, ही पद्धत बरी आहे! शिखर टळले, तर आरसा थरथरायचा थांबतो. चालवणाऱ्याला याहून अधिक काय हवे असते?

तीनसिलिंडर

माझे इंजिन तीन सिलिंडरचे आहे, म्हणजे ७५० वर सेकंदाला १९ पेक्षाही कमी धक्के. वरच्या हिशेबाप्रमाणे मूळ रबरावरच मी सीमेला टेकलेलो आहे. तरीही एका कार्यशाळेने मला न विचारता गिअरबॉक्सच्या बाजूचा एकच माउंट घन धातूचा बसवला आणि बाकीचे रबरी ठेवले. सगळा भार त्या एका जागी एकवटला आणि गिअरबॉक्सच्या कवचाचा, माउंट जोडण्याचा कान तुटला. आता त्या कार्यशाळेतले लोक म्हणतात की मी क्लच चुकीचा सोडतो.

पिस्टनपंडित

चौपट हे उदाहरण होते, हे मान्य. आपल्या ९५० ने आरसा स्थिर होतो, हेही मान्य. क्लच दाबून सिग्नलला उभे असताना जळणाऱ्या जास्तीच्या इंधनाचे काय, ते आपणच ठरवावे.

टॉर्कवेडा

आयडलवरून भांडण संपले असेल तर माझ्या लवचीक नळीकडे यावे. खालचा रॉड एकटा पुरतो, असे आपण म्हणता. माझ्या गाडीत वरचा माउंट टर्बोच्या उष्णतेजवळ असल्यामुळे रबर वर्षभरात भेगाळते, आणि तेथे रबरनिष्ठांची निष्ठा कामी येत नाही.

रबरनिष्ठ

पॉलियुरेथेनही तापले की मऊ होते. उष्णता अडवणारा पत्रा लावला आहे का?

टॉर्कवेडा

नाही. ठीक आहे, पत्रा लावतो, वर नवे मूळ रबर बसवतो आणि फक्त खालचा रॉड कडक ठेवतो; आपणा दोघांना परमानंद होवो. नळी पुन्हा फुटली तर तिचे छायाचित्र येथेच टाकीन.

पिस्टनपंडित

अवश्य टाकावे. मात्र बसवताना सर्व बोल्ट आधी सैल ठेवून इंजिनाला स्वतःच्या वजनाने स्थिरावू द्यावे, गाडी थोडी हलवावी आणि मगच वरचे माउंट, शेवटी रॉड असे आवळावेत. ताण देऊन आवळलेला रॉड आयडललाच गुरगुरतो, आणि मग त्याचा दोषही आपण रबरालाच द्याल.