सर्व्हे मीटर रोज तपासायला चेक सोर्स कोणता घ्यावा?

तळोजा_एनडीटी:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे वेल्डिंग वगैरे तपासायचा इरिडियमचा कॅमेरा (आत किरणोत्सारी सोर्स असलेला) आणि रेडिएशन मोजायचे दोन जीएम (गायगर-म्युलर) सर्व्हे मीटर आहेत. कॅलिब्रेशनची मुदत शिल्लक आहे, पण साइटवर निघताना मीटर धड आहे का हे पाहायला हाताशी काही नाही. बॅटरी टेस्टची सुई हिरव्यात आली की निघतो. परदेशी दुकानांत चेक सोर्स म्हणून सीझियम-१३७ च्या, थोडंसं रेडिएशन देणाऱ्या चकत्या ऑनलाइन दिसतात. एक मागवू का? एक जण म्हणतो पेट्रोमॅक्सची मॅन्टलही चालते.

जुना_आरएसओ:
मागवू नका. तिकडे पाव मायक्रोक्युरीची (मायक्रोक्युरी हे किरणोत्साराचं माप) चकती परवान्याशिवाय विकता येते, म्हणून इकडेही चालेल असं नाही. आधी तुमच्या आरएसओमार्फत (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, नियम काय आहेत ते पाहून घ्या.

बॅटरी टेस्टने फक्त बॅटरी कळते. रेडिएशन टिपणारी ट्यूब मेली असेल तर मीटर शून्य दाखवेल, आणि साइटवर ते शून्य बघून माणूस निर्धास्त पुढे जातो. चेक सोर्स हवा तो एवढ्याचसाठी.

पद्धत सांगतो. मीटर कॅलिब्रेशनहून आला की लगेच बॅकग्राउंड (आसपासचं नेहमीचं रेडिएशन) घ्या, मग चकती ठरलेल्या खुणेवर ठेवून रीडिंग घ्या आणि ते मीटरवरच चिकटवा. रोज तीच खूण, तीच बाजू. प्रोबला खिडकी असेल तर तीही रोज तशीच, उघडी तर उघडी. नाहीतर बीटा कण आत येतात आणि आकडा कुठल्या कुठे जातो. फरक २० टक्क्यांच्या वर गेला तर मीटर बाजूला. सीझियम वर्षाला जेमतेम सव्वादोन टक्के उतरतं, त्यामुळे आकडा बराच काळ टिकतो. पण हे कॅलिब्रेशन नव्हे. मीटर कालच्यासारखा आहे, एवढंच यातून कळतं.

न्यूक्लिअर_मेडिसिन_ताई:
भीतीचं म्हणाल तर पाव मायक्रोक्युरी एक सेंटिमीटरवर तासाला साधारण ८ मायक्रोसिव्हर्ट देते. मीटरभर लांब गेलात की ती बॅकग्राउंडच्या शंभराव्या भागाच्या आसपास येते. तरी खिशात ठेवून फिरू नका. माझा खरा आग्रह वेगळा आहे: ज्या कपाटात टीएलडी बॅज (माणसाला मिळालेला डोस मोजणारे) टांगता, तिथे चकती नको. महिनोन्‌महिने शेजारी राहिली तर बॅजवर फुकटचा डोस चढेल आणि खुलासे देता देता जीव जाईल. मीटरच्या पेटीतही नको, बॅकग्राउंडच वाढलेलं दिसेल. नोंदवहीत चकतीचा नंबर हवा, घेतली-ठेवली याची सही हवी. तडा गेलेली चकती हाताळू नका, आरएसओला कळवा.

मॅन्टलबद्दल: सगळ्यांत किरणोत्सारी थोरियम नसतं, आणि ज्यात असतं ती एकदा जाळली की भुसभुशीत होते. ती धूळ श्वासात जायला नको. जुन्या रेडियमच्या घड्याळाचाही मोह नको, रंगाचे पापुद्रे सुटतात.

तळोजा_एनडीटी:
ताई, सर, आभार. मग चकती मिळेपर्यंत कॅमेऱ्याच्याच अंगाला मीटर लावून पाहिला तर?

जुना_आरएसओ:
सोर्स आत लॉक असताना खुशाल बघा, बरेच रेडिओग्राफर तेच करतात. मीटर जिवंत आहे का, हे त्यातून नक्की कळतं. फक्त आकड्याची तुलना महिन्यापूर्वीच्या आकड्याशी थेट करू नका. इरिडियम-१९२ चौऱ्याहत्तर दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे डिके चार्ट (सोर्स कधी किती उतरला याचा तक्ता) काढून हिशेब करा. शिवाय कॅमेऱ्याच्या सगळ्या बाजू सारख्या नसतात, एक जागा रंगाने खूण करून ठेवा.

चकती असो की कॅमेरा, तपासला जातो तो बहुधा खालचा रेंज. वरचे रेंज कॅलिब्रेशन लॅबच बघते. शिवाय काही जीएम मीटर फार मोठ्या फील्डमध्ये गुदमरतात आणि उलट कमी, कधी शून्यही दाखवतात. म्हणून शॉट (सोर्स बाहेर काढून घेतलेला फोटो) झाल्यावर सोर्स कॅमेऱ्यात परत आला का हे पाहताना मीटर लांबूनच चालू करा आणि सुई बघत बघत पुढे जा. दोन मीटर आहेतच, तर निघण्याआधी दोन्ही त्याच खुणेला लावा. आकडे जुळले नाहीत, तर कोणता खरा हे ठरेपर्यंत शॉट नको.