पहिली इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी काय माहीत हवं होतं? (अनुभव धागा)

शेवंती
परवा एक्सप्रेसवेच्या फूडमॉलला थांबलो तर चार्जरपाशी एक जोडपं, नवीकोरी हिरवी नंबरप्लेट, बॉनेटवर झेंडूचा हार तसाच, आणि ॲप काही केल्या ओटीपी घेईना. मागच्या सीटवरून आजोबा, "अरे मग पेट्रोलपंपावरच विचार ना!" आमचे २०२१ चे दिवस आठवले एकदम. तेव्हा नेक्सॉन घेतलेली, ३०.२ युनिटची बॅटरी, कागदावर ३१२ किमी आणि एसी लावून चार माणसं बसली की दोनशेच्या आसपास. त्यात भाच्याचाही फोन आलाय, मावशी घेऊ का म्हणून. म्हणून म्हटलं ज्यांच्याकडे आहे त्यांनी लिहाच.
माझं आधी सांगते. चार्जिंगची तीन-चार ॲप घरी वायफायवर बसून टाका, वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवा. आणि नकाशावर चार्जर दिसला म्हणजे तो चालू आहे असं समजू नका, तिथं शेवटचं चार्जिंग कधी झालंय ते बघायचं.

अंजू_ठाणे
सोसायटी!!! गाडी नंतर बघा, आधी सोसायटी. मीटररूम ते पार्किंग केबल टाकायची एवढंच मागत होतो, खर्च आमचा, मीटर आमचं. तर कमिटीत "आग लागली तर जबाबदार कोण", मग "सगळ्यांनी मागितलं तर लोड कुठून आणायचा", मग विषय पुढच्या मीटिंगला. दरम्यान सेक्रेटरींच्या जावयानं ईव्ही घेतली आणि आठवड्यात परवानगी 😂 आता खाली ओळीनं चार्जरचे डबे लागलेत. बुकिंगच्या आधी लेखी घ्या बाई, तोंडी "करू हो" म्हणाले त्याला काही अर्थ नसतो

पिंट्या
जावई पाहिजे असाच

निवृत्त_वायरमन
नमस्कार मंडळी. महावितरणमध्ये होतो म्हणून थोडं लिहितो. गीझरच्या पॉइंटला एक्स्टेन्शन जोडून गाडी रात्रभर लावणारे बरेच बघितले, कृपया करू नका. गीझर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो, गाडी आठ-दहा तास सलग पंधरा अँपिअरपर्यंत खेचते, हलका प्लग वितळतो. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, सोबत आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि अर्थिंग तपासून घ्या. दुसरं म्हणजे घरच्याच मीटरवर गाडी लावली की युनिट वाढून वरच्या स्लॅबमध्ये जाता, मग सगळे म्हणतात बिल कसं वाढलं. गाडीसाठी वेगळं कनेक्शन मिळतं, त्याचा दर वेगळा असतो, तुमच्या वापराप्रमाणे हिशोब करून बघा.

कोकणी_काजू
काका अर्थिंगचं अगदी बरोबर!! मे महिन्यात गावी गेलो, प्लग लावला तर चार्जर नुसता लाल लाईट दाखवतोय. गणपतीत त्याच प्लगवर मस्त चाललेलं. वायरमन आला तो म्हणे जांभा आहे हो, उन्हाळ्यात कोरडा ठाक पडतो, अर्थिंग मिळणार कुठून. मग मीठ-कोळसा घालून नवा खड्डा केला, रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी. आजी विचारायची काय लावलंय रे इथं. यंदा फणस पण जोरदार धरलेत, कोणाला हवेत तर सांगा, मुंबईला आणतो

अंजू_ठाणे
@कोकणी_काजू कापा की बरका? कापा असेल तर मला एक

कोकणी_काजू
दोन्ही आहेत ताई

विदर्भी
नागपूरकडून. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे म्हणून १२० नं हाणाल तर टक्के डोळ्यादेखत उतरतात, ९०-९५ ला ठेवा, निवांत पोचता. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत फास्ट चार्जिंगही हळू होते, बॅटरी तापलेली असते म्हणून गाडीच कमी घेते, मशीनला शिव्या देऊन फायदा नाही. आम्ही पहाटे चारला निघतो. टोल मात्र माफ झालाय बाप्पा, २०२५ च्या धोरणापासून.

शेवंती
हो, अटल सेतू आणि मुंबई-पुण्यालाही आहे. पण काही लोकांचा फास्टॅगवर कापला जातो म्हणे, मेसेज बघत जा.

सुमन_आजी
मी गाडी चालवत नाही, बसते. मुलानं पाय उचलला की गाडी आपोआप मागं ओढल्यासारखी होते, शहरात सारखं तेच, मला मळमळायचं. सूनबाईंनी सेटिंगमध्ये ते ब्रेकचं कमी करून दिलं तेव्हापासून बरं आहे. घरात वयस्कर असतील तर ट्राय घेताना त्यांनाही मागं बसवून न्या. आवाज नाही हे फार छान, मुलाशी बोलता येतं.

पिंट्या
आजी ते रिजेन. घाट उतरताना त्याच्यानंच बॅटरी भरते. खंडाळा चढताना जेवढी जाते तेवढी परत मिळत नाही पण थोडी येते. सिग्नलला पिकअप असला भारी की काय सांगू. टायर मात्र लवकर गेले माझे

मीटर_डाऊन
@पिंट्या टायर कशानं गेले ते तुझं तुलाच माहीत.
एक कोणी लिहिलं नाही. या गाडीतही साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती बसली तर मोठी फुल्ल असूनही गाडी चालू होत नाही. दिवाळीत गावाला गेलो, गाडी पार्किंगमध्ये उभी, आल्यावर ढिम्म. रोडसाईडवाला दोरी घेऊन हजर! पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही ही गाडी, मोटरची वाट लागते, अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेडच मागवा. त्याला समजावता समजावता घसा बसला. आणि स्टेपनी आहे का ते शोरूममध्येच डिकी उघडून बघा, बऱ्याच मॉडेलना नुसता पंक्चर किट देतात.

बर्गनहून
नॉर्वेतून हाय! २०२४ ला इथं विकलेल्या नव्या गाड्यांत दहातल्या जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या, त्यामुळे चार्जर जागोजागी. पण थंडीत रेंज चांगलीच खाली येते, निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून घेतो. आई पुण्याहून विचारते, गाडीला स्वेटर घातलास का 😄

शेवंती
@बर्गनहून तिकडं कढीपत्ता मिळतो का हो? बहीण ऑस्लोला चाललीये

बर्गनहून
मिळतो, आशियाई दुकानात, पण दर ऐकून फोडणी करावीशी वाटत नाही. डबा भरून वाळवून आणायला सांगा.

नवखा_सातारा
सगळं वाचलं. माझा साताऱ्यात स्वतःचा बंगला आहे, रोज वीस-बावीस किमी, महिन्यातून एकदा पुणे. कॉमेट बघतोय. जमेल?

मीटर_डाऊन
रोजचं आरामात. १७.३ युनिटची आहे, कंपनी २३० किमी सांगते, तेवढं धरू नका. डीसी फास्ट चार्जिंग होत नाही तिला, म्हणजे वाटेत अर्ध्या तासात भरून निघू असं नाही. पुण्याला एकशेदहा-वीस किमी, जाताना पोचाल, पण परत यायला पुण्यात पाच-सहा तास प्लग मिळणार आहे का? नातेवाईक आहेत का तिकडं?

नवखा_सातारा
सासुरवाडी आहे. तिसरा मजला, पार्किंगमध्ये प्लग नाही.

अंजू_ठाणे
तुमचे सासरे कमिटीत आहेत का ते आधी विचारा

मीटर_डाऊन
नाहीतर टियागो बघा, तिला डीसी घेता येतं.