मदत हवी आहे: नववीतल्या मुलीने संविधानावरून अडवलंय

नमस्कार मंडळी. मी संध्याकाळी घरी आठवी-नववीच्या मुलांची शिकवणी घेते. २६ नोव्हेंबर जवळ आलाय, म्हणून परवा पुस्तक बाजूला ठेवून विचारलं, संविधान कोणाला बांधतं? सगळे एका सुरात, "आपल्याला!" उद्देशिका तोंडपाठ आहे पोरांना, पण डोक्यात मात्र संविधान म्हणजे नागरिकांसाठी लावलेली नियमांची पाटी.

मग समजावलं, की चोरी केली तर काय शिक्षा ते सांगायला वेगळे कायदे आहेत. संविधान बांधतं ते मुख्यतः सत्तेला. कलम १३ काढून दाखवलं: मूलभूत हक्क हिरावणारा कायदा सरकारने केला, तर तो तेवढ्यापुरता रद्द. इथवर छान चाललं होतं.

तेवढ्यात एकीने विचारलं, "पण बाई, संविधान बदलायचा अधिकार संसदेलाच ना? मग दावं बैलाच्याच हातात दिलंय की!"

तिला केशवानंद भारती खटला सांगितला. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा असा निकाल: कलम ३६८ खाली दुरुस्ती करता येईल, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. तर म्हणते, "म्हणजे सात जण संसदेपेक्षा मोठे? त्यांना तर कोणी मतही दिलेलं नाही."

सोमवारी सांगते म्हणून वेळ मारून नेली. जाणकारांनी मदत करावी. कृपया लिंका देऊ नका, त्या मीही वाचल्यात. नववीच्या पोरीला पटेल असं हवंय.

—

गॅलरीतला_वाचक: सोसायटीचं उदाहरण द्या. सर्वसाधारण सभेला उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, बदलता येतात. पण उद्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव केला की 'यापुढे सभा होणार नाहीत, हीच कमिटी तहहयात', तर? जी सभा ठराव करतेय तिचाच गळा कापला. बदल करणं वेगळं आणि मोडून टाकणं वेगळं. केशवानंदचं सार एवढंच आहे.

काळा_कोट: उपमा चांगली, पण लंगडी. सोसायटीच्या डोक्यावर उपनिबंधक, म्हणजे सहकार खात्याचा अधिकारी असतो. संसदेच्या डोक्यावर कोण, हेच तर ती मुलगी विचारतेय.

बाई, तिला १९७५ सांगा. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. त्याच महिन्यात आणीबाणी आली आणि ऑगस्टमध्ये ३९वी घटनादुरुस्ती: पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही. त्यांचं सर्वोच्च न्यायालयात अपील सुरू असताना, आणि तेही दोन्ही सभागृहांत रीतसर बहुमताने! नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला हा भाग मूलभूत चौकटीच्या आधारे उडवला. गंमत म्हणजे खटला तरी इंदिराजीच जिंकल्या, कारण निवडणूक कायदाही मागच्या तारखेपासून बदलला होता आणि तो बदल टिकला.

पण इथे थांबू नका, नाहीतर पोरं न्यायाधीशांची आरती करायला लागतील. एप्रिल १९७६ मध्ये याच न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकटे न्या. खन्ना विरोधात गेले. केशवानंदच्या सातांतही तेच होते. पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

ती चूक निस्तरली कोणी? संसदेने. लोकांनी १९७७ मध्ये सरकार बदललं, आणि १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने ठरवलं की आणीबाणीतसुद्धा कलम २० (शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) स्थगित करता येणार नाहीत. म्हणजे एकदा संसदेला न्यायालयाने आवरलं, एकदा न्यायालयाचं बिघडलेलं संसदेने सावरलं. दावं एकाच्या हातात नाही, हे तिला यातूनच दाखवा.

गॅलरीतला_वाचक: काळा कोट, +१. माझी उपमा अपुरी होती, मान्य. :)

चहा_आणि_राजकारण: अवांतर: त्याच ४४व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम ३००अ मध्ये टाकला, म्हणजे तो साधा कायदेशीर हक्क उरला. तेव्हा मूलभूत हक्कही जाऊ शकतो बरं का. चौकटीत नेमकं काय येतं याची यादी कुठेच छापलेली नाही, न्यायालय एकेका खटल्यात ठरवत आलंय. मला हे अजूनही खटकतं.

धागाकर्ती: काळा कोट, मनापासून आभार. जबलपूर खटल्याचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सोमवारी १९७५ ते १९७८ असं ओळीने सांगते, सोसायटीपासून सुरुवात करून. फक्त एक अडचण. त्या पोरीचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: "मग न्यायाधीशांना नेमतं कोण?" कोणी सोमवारच्या आत लिहील का?