मदत हवी आहे: गिरिपुष्पाखाली लावलेली देशी झाडं मरतायत, रविवारच्या आत उत्तर हवंय

टेकडीपायथा_बावधन | २० मे, रात्री १०:४०
दोन वर्षांत ६५ रोपं लावली. पळस, मोई, मेडशिंगी, बहावा, खैर. आज जिवंत ११. वर सगळीकडे गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, ते परदेशी झाड. त्याचा पाला पडून पडून जमीन काळी झालीय, परवा खणून पाहिलं तर एक गांडूळ दिसलं नाही. जमीन मेलीय. गिरिपुष्पाच्या मुळांतून विष सुटतं असं इथे सगळेच म्हणतात. रविवारी बैठक आहे, सगळी गिरिपुष्पं तोडायची की नाही ते तिथे ठरणार. मला एवढंच सांगा, जमिनीतलं विष उतरवायला काय टाकायचं आणि किती? पाऊस तोंडावर आलाय. निसर्गावर भाषण नको, कृपया.

अनघा_पाषाण | २० मे, रात्री ११:०५
जागा कोणाची? सोसायटीची, महापालिकेची की वनखात्याची? रोपं कधी लावली, केवढी होती, पाणी कोण घालतं? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

राजापूरचा_बाळू | २० मे, रात्री ११:२०
गिरिपुष्प आणि विष? आमच्याकडे कोकणात बांधावर मुद्दाम लावतात. कोवळा पाला भातखाचरात तुडवतात, काही आठवड्यांत कुजून जातो, युरिया कमी लागतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, ते हवेतलं नत्र (नायट्रोजन) जमिनीत आणतात. तुमची रोपं दुसऱ्या कशाने तरी मेली असणार.

सेंद्रिय_दादा | २१ मे, सकाळी ६:५०
एकच उपाय, जीवामृत. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं ताजं शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. महिन्यातून दोनदा सोडा, गांडुळं आपोआप वर येतील. माझ्या मुळशीच्या शेतावर सहा वर्षं करतोय.

टेकडीपायथा_बावधन | २१ मे, सकाळी ८:१०
अनघाताई, जागा सोसायटीच्या मागची पट्टी, वर चढ लागतो. रोपं रोपवाटिकेतून आणलेली, दीड-दोन फुटांची. पाणी टँकरचं, माळी घालतो. हे सगळं नीटच चाललंय, त्यात काही अडचण नाही. प्रश्न मातीचा आहे. बाळूदादा, तुमच्या भातखाचराचं आणि टेकडीचं काय नातं?

माती_वाचणारी | २१ मे, दुपारी १:३०
मी मृदाशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गांडुळाचं आधी. मे महिन्यात पुण्याच्या कुठल्याही टेकडीवर, अगदी जुन्या पळसाखालीसुद्धा, वीतभर खणून गांडूळ दिसणार नाही. ती खोल जातात, गुंडाळी करून पडून राहतात. जुलैत बघा. आपल्या मुरमाड उतारावर उन्हाळ्यात माती उलटीपालटी करण्याचं काम वाळवी करते. सुकं लाकूड-पान आत ओढते, तिच्या बिळांतून पहिलं पाणी खाली मुरतं. तुमच्या पट्टीत वारूळ आहे का? असेल तर जमीन मेलेली नाही.

आता विष. सुबाभळीच्या पानात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं, निलगिरीच्या पाल्याखाली गवत मुश्किलीने येतं, हे ठाऊक आहे. गिरिपुष्पाच्या बाबतीत मी एवढ्यात विषावर बोट ठेवणार नाही. घरच्या घरी बघता येईल. दोन कुंड्या घ्या. एकीत गिरिपुष्पाखालची माती, दुसरीत त्याच उतारावरच्या उघड्या गवताखालची. दोन्हींत २०-२० मूग पेरा, सारखं पाणी, सारखं ऊन. आठवड्यात कळेल.

आणि हे सांगा, जिथे रोपं लावली तिथे माती किती खोल आहे? मेलेलं रोप उपटून मुळं पाहिलीत का? एखाद्या मुळाचा फोटो टाका.

वेताळ_रोज_सकाळी | २१ मे, दुपारी २:१५
कुंड्या कसल्या करत बसता? वीस वर्षं टेकडीवर जातोय. ऐंशीच्या दशकात वनीकरणाच्या नावाखाली ही झाडं लावली, कारण वाढतात भराभर आणि गुरं तोंड लावत नाहीत. आज त्यांच्याखाली कुसळी गवत नाही, मारवेल गवत नाही, पावसाळ्यातली कंदांची फुलं नाहीत. शेंगा उन्हात तडतडून फुटतात, बी लांब उडतं, दर वर्षी चार पावलं पुढे. सगळी एका झटक्यात कापा, बुंध्यावर खडेमीठ आणि रॉकेल ओता. फुटवा येत नाही.

माती_वाचणारी | २१ मे, दुपारी २:४०
मीठ अजिबात नको. उतार आहे, पहिल्या पावसात ते खाली उतरेल आणि जे थोडंफार जिवंत आहे तेही जाईल. कुसळी आणि कंद गेल्याचं तुमचं निरीक्षण मात्र अगदी खरं आहे.

कढीपत्ता_प्रेमी | २१ मे, दुपारी ४:००
माझ्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर पांढरा कापसासारखा किडा आलाय, त्यावर जीवामृत चालेल का?

सेंद्रिय_दादा | २१ मे, दुपारी ४:०५
चालेल. दहापट पाणी घालून फवारा.

अनघा_पाषाण | २१ मे, संध्याकाळी ५:३०
मिलीबगला निंबोळी अर्क द्या. आणि कृपया वेगळा धागा काढा.
मूळ प्रश्नकर्त्यांनी मुळांचं उत्तर दिलेलं नाही अजून.

टेकडीपायथा_बावधन | २१ मे, रात्री ९:५०
माती साधारण ९ इंच, मग मुरूम. वारूळ आहे, दोन आहेत, माळ्याला पावडर टाकायला सांगितलं होतं कारण वाळवी रोपं खात होती.
चार पळस उपटले आज, काड्या झाल्या होत्या, पान एक नाही. फोटो टाकलाय. मुळं पिशवीच्या आकारातच गोल फिरलीयत, दोन वर्षांनंतरही. बाहेर जवळजवळ काही गेलेलंच नाही.

माती_वाचणारी | २१ मे, रात्री १०:२०
डावीकडून दुसरा आणि चौथा पळस. त्यांच्या मुळाच्या वरच्या टोकाला नखाने ओरखडा काढून बघा. हिरवट-पांढरं ओलं दिसतंय का?

टेकडीपायथा_बावधन | २१ मे, रात्री १०:३५
हो. दोन्हींना ओलं आहे.

माती_वाचणारी | २१ मे, रात्री १०:५०
मग ते दोन मेले नव्हते. पळसाचं पोर पहिली काही वर्षं दर उन्हाळ्यात वरून वाळतं. पानं गळतात, काडी सुकते, सगळा जीव मुळात जातो, आणि पावसात त्याच मुळातून नवा कोंब येतो. तिकडे मूळ जाड होत जातं. एक दिवस वरची काडी टिकते आणि मग झाड धावतं. आजच्या आज दोन्ही परत लावा, गुंडाळलेली मुळं हाताने सोडवून, फार वळलेली कापून. ओल्या गोणपाटात ठेवलेत ना?
आणि वाळवीची पावडर थांबवा. बहुतेकदा वाळवी आधीच वाळलेलं खाते, आपण काडी मेल्यावर तिला बघतो आणि तिनेच मारलं म्हणतो.

टेकडीपायथा_बावधन | २१ मे, रात्री ११:१५
लावले. टॉर्चच्या उजेडात. गेल्या वर्षीही आम्ही मेलेली म्हणून १४ पळस उपटून टाकले होते. हे आधी कोणी सांगितलं असतं तर.

हिरवं_पुणे_घनदाट | २२ मे, सकाळी ९:००
एवढी डोकेफोड कशाला? मियावाकी पद्धतीचं दाट जंगल करा. तीन फूट खणा, शेणखत-कोकोपीट भरा, एका चौरस मीटरला तीन-चार रोपं. आमच्या कंपनीच्या आवारात तीन वर्षांत वीस फूट जंगल उभं आहे.

वेताळ_रोज_सकाळी | २२ मे, सकाळी ९:२५
ज्या टेकडीचं मूळ रूप गवत, खुरटी झाडं आणि मधे उघडं आकाश असं आहे, तिथे दाट जंगल भरणं म्हणजे गिरिपुष्पाचीच चूक दुसऱ्या झाडांनी करणं.

हिरवं_पुणे_घनदाट | २२ मे, सकाळी ९:४०
सावली तर मिळते ना लोकांना? पक्षी येतात.

वेताळ_रोज_सकाळी | २२ मे, सकाळी ९:५५
चंडोल आणि टिटवी जमिनीवर घरटं करतात, त्यांना उघडी जमीन लागते. ते येत नाहीत.

बाणेरची_स्मिता | २२ मे, सकाळी १०:३०
आमच्याकडे मोर गच्चीवर येऊन टोमॅटोची रोपं खातात. टेकडीवर खायला उरलं नाही म्हणूनच ना? आणि आता टेकडी फोडून रस्ता काढायच्या गोष्टी!

अनघा_पाषाण | २२ मे, सकाळी १०:४५
स्मिताताई, रस्त्याचा धागा वेगळा आहे, तिथे मीही भांडतेय. इथे बैठकीला दोन दिवस उरलेत. पट्टीत सगळं गिरिपुष्पच आहे की अजून काही? झाडाखाली उभं राहून वर बघितलं तर पावसात आकाश किती दिसतं?

टेकडीपायथा_बावधन | २२ मे, दुपारी १२:१०
वरच्या कोपऱ्यात आठ-दहा सुबाभळी आहेत, खाली त्यांची शेकडो पोरं. पावसात आकाश दिसतच नाही, छत्रीच लागत नाही म्हणा. पण आत्ता उन्हाळाभर लख्ख ऊन असतं. म्हणून तर रोपांच्या बुडाशी गिरिपुष्पाचाच पाला जाड घालतो आम्ही, बुंध्याला लागून, ओल राहावी म्हणून.

माती_वाचणारी | २२ मे, दुपारी १:००
या दोन ओळी पहिल्या दिवशी हव्या होत्या.

गिरिपुष्प थंडीत उघडं होतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्यांवर गुलाबी फुलतं, आणि पावसाळ्यात वर झाकण धरतं. पळस, मोई, मेडशिंगी यांची वर्षाची सगळी कमाई त्या चार महिन्यांची. ऊन हवं तेव्हा त्यांना अंधार, आणि सावली चालली असती तेव्हा भाजणारं ऊन. यात विष कुठेच लागत नाही.

दुसरं, नत्र. आपला उतार मुळात कृश. बेसॉल्टचा मुरूम, वर वीतभर माती, नत्र थोडं. इथली झाडं आणि गवत त्या थोड्यावर जगायला शिकलेली. मुळांवरची बुरशी, मायकोरायझा म्हणतात ती, लांबून स्फुरद (फॉस्फरस) आणि पाणी आणून देते, झाड तिला साखर देतं. त्यावर गिरिपुष्पाचा लवकर कुजणारा, नत्राने भरलेला पाला वर्षानुवर्षं पडतो. मातीतली जिवाणू-बुरशीची घडी बदलते, आणि त्या श्रीमंतीचा फायदा गाजरगवत, रानमोडी आणि कॉसमॉस ही तणं आधी घेतात. बाळूदादांच्या भाताला जे वरदान, तेच इथल्या कुसळीला मारक. त्यात तुम्ही तोच पाला बुंध्याला लावलात. तिथे ओल साचून साल कुजते. पाला बुंध्यापासून वीतभर लांब.

आणि रोपवाटिकेतलं रोप शेणखताच्या मिश्रणात वाढलेलं, त्याच्या मुळांना टेकडीची बुरशी भेटलेलीच नसते. विकतच्या पाकिटाच्या मागे लागू नका. निरोगी जुन्या पळसाखालून वरचा थर बाजूला सारून मूठभर माती घ्या, खड्ड्यात घाला.

राजापूरचा_बाळू | २२ मे, दुपारी १:४५
हे पटलं. मी माझ्या शेतावरून बोलत होतो. तोडलेला पाला तिथे कुजवू नका मग, गोळा करून खाली बागेत न्या, आंब्याला घाला. थोडा सुकवला तर शेळ्याही खातात.

टेकडीपायथा_बावधन | २२ मे, दुपारी २:०५
म्हणजे तोडायची की नाही? हो किंवा नाही सांगा.

अनघा_पाषाण | २२ मे, दुपारी ३:२०
हो, पण सगळी एकदम नाही, आणि परवानगीशिवाय एकही नाही. सोसायटीची जागा असली तरी शहरात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. परदेशी झाड आहे म्हणून सूट आहे असं गृहीत धरू नका. पट्टीची हद्द वनखात्याला कुठे लागते तेही मोजून घ्या. आम्ही दोन ठिकाणी असे खड्ड्याएवढे नव्हे, खोलीएवढे उजेडाचे तुकडे उघडले. सगळं एकदम उघडलं असतं तर पहिल्याच पावसात घाणेरी आणि गिरिपुष्पाचीच पोरं उगवली असती, मातीही वाहिली असती.

तोडल्यावर खरं काम सुरू होतं. खुंट फुटतोच. पावसात दर तीन आठवड्यांनी फुटवे हाताने मोडायचे, दोन-तीन पावसाळे. फांदी जमिनीवर टाकून ठेवली तर तीही मूळ धरते, उचला. सुबाभळीचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून ती शेंग धरायच्या आत छाटा, पोरं ओल्या मातीतून मुळासकट उपटा.

वेताळ_रोज_सकाळी | २२ मे, दुपारी ४:१०
हळूहळूच्या नावाखाली लोक पुढच्या वर्षावर ढकलतात, म्हणून मी एका झटक्यात म्हणत होतो. फुटवे मोडायला माणसं लागत असतील तर शनिवार-रविवार मी येईन.

टेकडीपायथा_बावधन | २४ मे, रात्री ९:००
बैठक झाली. १२ झाडांसाठी अर्ज करायचं ठरलं, तीन तुकड्यांत. दोघांनी विरोध केला, सावली जाईल म्हणून. वाळवीची पावडर बंद. कुंड्या लावल्यात.

टेकडीपायथा_बावधन | ३१ मे, सकाळी ७:३०
गिरिपुष्पाखालच्या मातीत २० पैकी १८ मूग, गवताखालच्या मातीत १७. उलट गिरिपुष्पाच्या कुंडीतली पानं जास्त हिरवी आहेत. त्याच कुंडीत न पेरलेली गाजरगवताची सात रोपं पण वर आली. दुसरीत एकही नाही. विषाचं मी मागे घेतो.
आता एकच, या पावसाला रोपवाटिकेतली रोपं नकोत तर काय लावू?

माती_वाचणारी | ३१ मे, सकाळी ८:४५
मूग म्हणजे पळस नव्हे, हे लक्षात ठेवा, पण सात गाजरगवतं बरंच सांगून जातात.
पळस बियांपासूनच, जागेवर. शेंग चपटी, टोकाला एकच बी. आत्ता पिकल्यात, ताजं बी लगेच पेरा, म्हणजे मूळ सरळ खाली जाईल. मोईचे मनगटाएवढे खुंट दीड हात लांब कापून आधीच उघड्या असलेल्या कडेला रोवा, पावसाआधी. पांगारा आणि सालईही तशीच लागते. टँकरचं रोजचं पाणी बंद करा, आठवड्यातून एकदा खोलवर द्या.

टेकडीपायथा_बावधन | ९ जून, संध्याकाळी ६:२०
पहिला पाऊस झाला. मोईचे नऊ खुंट रोवले. त्या रात्री परत लावलेल्या दोन पळसांना अजून काही नाही, किती थांबू? आणि पळसाचं बी कुठे मिळेल, आमच्या आसपास एकही मोठा पळस उरलेला नाही.

माती_वाचणारी | ९ जून, संध्याकाळी ७:००
जुलैअखेरपर्यंत थांबा. मधे उकरून बघू नका.

वेताळ_रोज_सकाळी | ९ जून, संध्याकाळी ७:१०
शनिवारी सकाळी सहाला टेकडीच्या पायऱ्यांपाशी या. वर चार जुने पळस आहेत, खाली शेंगांचा सडा पडलाय. पडलेल्या तेवढ्याच उचलायच्या.

टेकडीपायथा_बावधन | ९ जून, संध्याकाळी ७:१५
येतो. खालची मूठभर माती?

अनघा_पाषाण | ९ जून, संध्याकाळी ७:४०
ती वनखात्याच्या हद्दीतून नको. माझ्या सोसायटीच्या कुंपणात एक पळस आहे, त्याखालची घेऊन जा. डबा आणा, पिशवीत ती वाळते.

कढीपत्ता_प्रेमी | ९ जून, रात्री ८:०५
निंबोळी अर्काने किडा गेला. धन्यवाद अनघाताई. शनिवारी मीही आलो तर चालेल का?