४के मल्टिकॅमसाठी २ टीबीची एसएसडी घ्यायचीय, कोणती घेऊ?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. लग्नं, हळदी आणि सप्ताह लागला की कीर्तनं, असं आपलं काम. तुळशीचं लग्न लागलं की मान वर करायला सवड नसते, म्हणून त्याच्या आत मशीनचं बघून घ्यावं म्हणतोय.

मशीन असं: आय५-१२४००एफ, एच६१० चा बोर्ड, ३२ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर. विंडोज २५६ जीबीच्या एनव्हीएमईवर आहे. बाकी फुटेज, एडिटिंगच्या प्रीमिअरची कॅश (तात्पुरत्या फाइली), एक्सपोर्ट, सगळं एकाच ४ टीबीच्या हार्डडिस्कवर. कॅमेरे तीन. दोन सोनी ए७ थ्री, ४के २५ ला, १०० मेगाबिट. तिसरा ए७ फोर, नवाच आहे. त्यावर एक्सएव्हीसी एचएस (सोनीचं एचईव्हीसी) लावतो, ४के ५०, १० बिट ४:२:२, २०० मेगाबिट.

मल्टिकॅम (तिन्ही कॅमेरे एकत्र) लावला की टाइमलाइन अडकायलीय. आवाज पुढं, चित्र मागं. महाराज दुसऱ्या चरणावर गेलेले असतात आणि माझ्या पडद्यावर अजून पहिल्याच चरणाला हात वर. पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईचा चेहरा कुठं कापायचा ते अंदाजानंच ठरवावं लागतंय, आणि तोच तर शॉट घरचे दहादा बघतात.

संभाजीनगरला एका दुकानात विचारलं, तर तो म्हणतो जेन५ (पाचव्या पिढीची) घ्या, सेकंदाला १४००० एमबीचा स्पीड, पुन्हा बघायला नको. माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत: १ टीबी जेन४ ची ७००० वाली, नाहीतर २ टीबी स्वस्तातली, नाहीतर २ टीबी साटा (केबलनं जोडायची). बोर्डावर एम.२ ची (एनव्हीएमई बसवायची) जागा एकच, ती पण विंडोजनं धरलीय. डिस्क एकच घ्यायची ऐपत आहे, दोन नाही. बोला.

बालाघाट (अंबाजोगाई)

जेन४ घ्या डोळे झाकून. माझ्याकडं आहे, लोण्यासारखं चालतं. आणि पक्कं बिल घ्याच. चांगल्या डिस्कला पाच वर्षांची वॉरंटी असते. दुकानदार "बिलाशिवाय एवढ्यात देतो" म्हणाला तर हसून बाहेर या.

मांजराकाठ (लातूर)

दुधनाकाठ भाऊ, आधी खिशात हात घालू नका. फुकटात एक गोष्ट करून बघा. तिन्ही कॅमेऱ्यांचं दहा-दहा मिनिटांचं फुटेज तुमच्या २५६ वाल्या सी ड्राइव्हवर टाका. प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅशही तात्पुरती सी वर न्या. मग तेच मल्टिकॅम चालवून बघा. शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा. सुरळीत चाललं तर रोग हार्डडिस्कचा. तरी अडकलं तर १४००० काय, कितीही स्पीडची डिस्क आणा, फरक शून्य.

आता हिशोब बघा. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. २०० म्हणजे पंचवीस. तुमचे तिन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला ५० एमबी. साधी साटा एसएसडी ५५० च्या आसपास देते, म्हणजे अकरापट. मग ७००० कुणासाठी लागतं? जो प्रोरेस किंवा रॉ अशा जड फाइलींवर काम करतो त्याच्यासाठी. प्रोरेस ४२२ एचक्यू ४के २५ ला एका कॅमेऱ्याचे ७३७ मेगाबिट होतात, म्हणजे ९२ एमबी. तसले चार कॅमेरे एकदम उघडले तरी साटा कशीबशी पुरते. लग्नाच्या कामात ७००० चा आकडा डब्यावर छापायला बरा.

मग ५० एमबीला १५० देणारी हार्डडिस्क का अडते? तिचे १५० सलग एकच फाइल वाचतानाचे. इथं तीन फाइली, वर वेव्हफॉर्म, कॅश, पुन्हा एक्सपोर्ट त्याच तबकडीवर. एकाच वाढप्याला तीन पंगतींत पळायला लावल्यासारखं होतं. भाताचं पातेलं मोठं करून उपयोग नाही. एसएसडीला असं हिंडावं लागत नाही, म्हणून कुठलीही धड एसएसडी हा त्रास संपवते.

दुकानदाराच्या जेन५ चं: एच६१० च्या बोर्डावर एम.२ ला बहुतेक जेन३ च्याच चार लेन (डेटाच्या वाटा) मिळतात, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. तिथं १४००० वाली लावा की ७००० वाली, ३५०० च्या वर जाणार नाही. बालाघाटकर, तुमचा बोर्ड वेगळा असणार. त्यांना तेच सांगून उपयोग नाही.

आता खरं बघायचं ते आतल्या चिपचं. टीएलसी (एका कप्प्यात तीन बिट) की क्यूएलसी (चार बिट)? स्वस्तातली २ टीबी म्हणजे बहुधा क्यूएलसी. ती सुरुवातीला पळते, कारण थोडा भाग वेगवान कॅशसारखा वापरते. तो भरला की बसते. सॅमसंग ८७० क्यूव्हीओचं माहितीपत्रकच सांगतं: १ टीबीची कॅश ४२ जीबी, ती भरल्यावर लिहिण्याचा वेग ८० एमबी. २ टीबीची ७८ जीबी, नंतर १६०. हार्डडिस्कच की मग! कार्डावरून फुटेज घेताना हे जाणवेलच असं नाही, कारण साधं यूएचएस-वन कार्डच ९० च्या आसपास येतं. मार बसतो तो एका डिस्कवरून दुसरीवर तीनचारशे जीबी हलवताना, किंवा प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या फाइली) बनत असताना कार्ड रिकामं करताना. नावावरून फसू नका. क्रुशलची पी३ प्लस क्यूएलसी आहे, त्याच कंपनीची टी५०० टीएलसी आहे आणि तिला वेगळी डीरॅमही (स्वतःची छोटी मेमरी) आहे. डब्ल्यूडीची एसएन८५०एक्स टीएलसी. तुमच्या बोर्डाला सॅमसंग ९७० ईव्हीओ प्लससुद्धा पुरेशी, ती जेन३ चीच आहे.

१ की २ टीबी, यात मी वादच घालणार नाही. तुमचे तीन कॅमेरे तासाला १८० जीबी खातात. दोन तासांच्या कीर्तनाला ३६०. सप्ताहाची सात कीर्तनं धरली तर अडीच टीबी! १ टीबी तिसऱ्या दिवशीच भरली. आणि एसएसडी काठोकाठ भरली की कॅशला जागा उरत नाही, टीएलसीसुद्धा रडायला लागते. पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवायची.

जाता जाता, कीर्तनाला ५० फ्रेम कशाला हो? पावलीचं स्लोमोशन करायचं असेल तर तेवढ्यापुरतं लावा. महाराज काही स्लोमोशनमध्ये बोलत नाहीत. २५ ला १०० मेगाबिट ठेवलं तर तासाला ४५ जीबी त्या एका कॅमेऱ्याचेच वाचतात.

बालाघाट (अंबाजोगाई)

मान्य, माझा बोर्ड बी६६० आहे. पण मांजराकाठ, एक सांगा, २ टीबी घातली तर विंडोज कुठं ठेवायचं? एकच जागा आहे म्हणतायत ते. एकाच डिस्कचे दोन पार्टिशन करा की.

मांजराकाठ (लातूर)

पार्टिशन करून वेग वाढत नाही, नुसतं दिसायला नीट दिसतं. माझं मत: २५६ वाली काढून पीसीआय-ई एक्स१ च्या (बोर्डावरच्या छोट्या स्लॉटच्या) अडॅप्टरवर लावा. जेन३ ची एकच लेन, म्हणजे ९०० च्या आसपास. विंडोजला तेवढं भरपूर झालं, नव्यानं टाकायचीही गरज नाही, बूट होतं. मोकळ्या झालेल्या एम.२ वर २ टीबी, चालू काम आणि कॅश तिच्यावर. हार्डडिस्क फक्त संपलेल्या कामांना आणि एक्सपोर्टला.

फक्त आधी कॅबिनेट उघडून बघा. छोट्या बोर्डावर एक्स१ चा स्लॉट बरेचदा ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याखाली झाकला जातो. झाकला असेल तर विंडोजसाठी छोटी साटा एसएसडी. ती एम.२ वर असली काय अन् साटावर असली काय, रोजच्या वापरात कळतही नाही.

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

दादा, करून बघितलं. दोन्ही ए७ थ्री एकदम सुटसुटीत पळायलेत, पूर्वी कधी असे पळालेच नाहीत. पण ए७ फोरचा अँगल निवडला की पुन्हा तेच. डिस्क तेव्हा पाच-सात टक्क्यांवर निवांत पडलेली, अन् सीपीयू शंभराला टेकलेला. आणि हो, एक्स१ चा स्लॉट मोकळा आहे, कार्डानं झाकला जात नाही.

मांजराकाठ (लातूर)

बघा, म्हणजे रोग दोन आहेत. एक हार्डडिस्क, तो एसएसडीनं जाईल. दुसरा प्रोसेसरच्या नावातला "एफ". एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, म्हणजे इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा भाग) नाही. एचईव्हीसी १० बिट ४:२:२ उलगडायचं हार्डवेअर क्विक सिंकमध्ये असतं. तुमच्या १६६० सुपरला ४:२:२ येत नाही. एनव्हिडियानं ते आरटीएक्स ५० च्या मालिकेपासून दिलं. म्हणून सगळा भार सीपीयूच्या डोक्यावर.

वाटा तीन. कॅमेऱ्यात ४:२:० (रंगाची माहिती थोडी कमी) निवडा, १० बिट तसंच राहतं आणि ते १६६० ला झेपतं. हिरवा पडदा (क्रोमा) कापायचं काम नसेल तर लग्नात फरक दाखवून द्यावा लागेल कुणाला तरी. किंवा प्रॉक्सी बनवा, रात्री लावून झोपा. किंवा एफ विकून साधा १२४०० घ्या, बोर्ड तोच चालतो. बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू करायला विसरू नका. मी तुमच्या जागी असतो तर हा हंगाम ४:२:० वर काढला असता. जेन५ साठी जे जादा मोजणार होतात त्यात पुढं प्रोसेसर बसेल.

गोदाकाठ (नांदेड)

उशिरा आलो, दोनच गोष्टी. आपल्याकडं मे महिन्यात दुकानात पत्र्याखाली बसून एक्सपोर्ट लावतो आपण. एच६१० च्या बोर्डावर एम.२ ला झाकण नसतं बहुतेक. डिस्क फार तापली की स्वतःच वेग कमी करते. अॅल्युमिनियमचा पातळ हीटसिंक लावा, आणि एक पंखा असा वळवा की तिच्यावरून वारा जाईल. तुमच्याकडं जिनिंगचा कापूस उडतो, तर जाळी महिन्याला साफ करा. लाईटचं तर विचारूच नका. इन्व्हर्टरवर बदल व्हायच्या क्षणात मशीन बंद पडतं, तेव्हा यूपीएस हवाच. प्रीमिअरचं ऑटोसेव्ह मुद्दाम दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

दुसरं, काम झालं की एसएसडी कपाटात टाकून द्यायची नाही. बिनविजेची पडून राहिली की हळूहळू चार्ज ओसरतो, आणि उन्हाळ्यात लवकर. जेडेकचं (चिपची मानकं ठरवणारी संस्था) मानक घरगुती एसएसडीला पूर्ण झिजल्यावर ३० अंशाला एक वर्षाचंच अभय देतं. तुमच्या खोलीत ३० अंश कधी असतं? संपलेलं लग्न दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. पार्टी पाच वर्षांनी येते आणि म्हणते, आजी गेल्या, त्यांचा तेवढा व्हिडिओ काढून द्या.

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

आयुष्याचं काय? रोज तीनशे जीबी लिहिलं तर लवकर मरेल का? दुकानदारानं तीही भीती घातलीय.

मांजराकाठ (लातूर)

एसएन८५०एक्स किंवा टी५०० ची २ टीबी घेतली तर १२०० टीबी लिहिण्याची हमी आहे. रोज न चुकता तीनशे जीबी म्हणजे ४००० दिवस, अकरा वर्षांच्या आसपास. आणि आपण काही श्रावणात अन् पितृपक्षात तीनशे जीबी शूट करत नाही. ८७० क्यूव्हीओच्या २ टीबीला मात्र ७२० च आहे.

डिस्क आली की क्रिस्टलडिस्कइन्फोवर किती तास वापरलेली आहे ते पहिल्यांदा बघा. नवीन म्हणून जुनी गळ्यात मारणारे आहेत. वेग तपासताना क्रिस्टलडिस्कमार्कची १ जीबीची चाचणी कॅशमध्येच मावते, ती बघून खूश होऊ नका. खरं फुटेज दोनशे जीबी एकदम टाकून बघा, आकडा कुठं बसतो ते कळेल.

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

ठरलं. २ टीबी टीएलसी, जी बिलासह बरी मिळेल ती, हीटसिंक आणि एक्स१ चं अडॅप्टर. ए७ फोर आजच ४:२:० वर नेला, त्याचा अँगल आता अडकत नाही. मामाच्या पोराला परभणीहून डिस्क आणायला सांगतो.

गोदाकाठ (नांदेड)

त्याला एम.२ चा बारका स्क्रूही आणायला सांगा. डिस्कच्या डब्यात बहुतेक येत नाही, आणि बोर्डाचा डबा कुठं गेला ते आता तुम्हालाही सापडणार नाही.