मदत हवी आहे: वणव्यानंतर बोअरचं पाणी प्यायला सुरक्षित कधी मानायचं?

मंडळी, उत्तर कॅलिफोर्नियात लेक काउंटीच्या डोंगरात आमचं छोटं ध्यानकेंद्र आहे. वणव्यात राहण्याच्या काही खोल्या आणि पंपघर जळालं. सभागृह, स्वयंपाकघर शाबूत आहे. परत यायला परवानगी मिळाली, राखही उचलून झाली. अडलंय ते पाण्यावर.

बोअर स्वतःची, त्यामुळे पाणी तपासणं आमच्याच अंगावर. जमिनीखालून प्लास्टिकचे पाइप, जळालेल्या खोल्यांपाशी वितळलेले. ते तुकडे तोडून टोकं बंद केली, पंप नवा बसवला, टाकी धुऊन क्लोरीन टाकलं. जिवाणूंची तपासणी चांगली आली. पण २०१७ ला सांता रोझा आणि २०१८ ला पॅरडाइजच्या आगीनंतर तिथल्या नळाच्या पाण्यात बेंझीन (प्लास्टिक जळाल्यावरही निघणारं, कर्करोग होऊ शकेल असं रसायन) सापडलं होतं, आणि ते या तपासणीत दिसतच नाही. उकळून उपयोग नाही, वाफेबरोबर ते घरातल्या हवेत येतं. कॅलिफोर्नियाची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे फारच कडक, आणि ती तशीच हवी.

सध्या पाणी बाहेरून आणतो. येणाऱ्यांत सत्तरीपुढचे बरेच आहेत, धोका पत्करायचा नाही. सगळे पाइप एकदम बदलण्याइतका निधी मात्र नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: नमुन्याआधी पाणी पाइपमध्ये किती तास साचू द्यायचं? बोअर, टाकी आणि प्रत्येक इमारतीचा नळ असे वेगळे नमुने द्यायचे का? आणि एक अहवाल चांगला आला की पुरे, की काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं?